बाहेरच्या शिवणी

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींना नमस्कार, दोघी मुलींना आशीर्वाद. 'तुम्ही सगळे मजेत असाल' हे वाक्य या वेळी लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'अगं' म्हणेपर्यंत तुझी हवा, महागाई आणि शेजारीण उरकलेली असते आणि 'बरं, ठेवते' आलेलं असतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी इकडची खबरबात. दुकान ठीक चाललंय. दुकान म्हणजे तेच, रस्त्याकडची खोली, दोन मशिनी आणि आरशापुढे पडदा. गणवेशांचा हंगाम संपला. आता लोक जुनेच कपडे सैल नाहीतर घट्ट करायला आणतात. समोरचा न्हावी अजून गातो. केस बरे कापतो, गाण्याचा मात्र गळाच कापतो. लेक नोकरीच्या गावी रुळली. घरात मी एकटी, पण आता सवय झाली. यांचा चष्मा अजून मशीनच्या खणात आहे. सुईत दोरा ओवताना कधीकधी तोच लावते, नंबर जुळत नाही तरी.

पुस्तकांचं म्हणशील तर शाळा लवकर सुटल्याची भरपाई अजून चालू आहे. परवा ग्रंथपाल म्हणाला, "काकू, तुम्ही आमचं यकृत संपवलंत." त्या कपाटातलं गं. आजारांवरची पुस्तकं.

आता तिथे आलेच आहे तर सांगून टाकते.

गेली दोन वर्षं मला खाज सुटते. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. आधी तळपाय, मग तळहात, मग सगळीकडे. कातडीच्या डॉक्टरांनी मलमं दिली, साबण बदलायला लावला. लोकरीच्या कापडापासून लांब राहा म्हणाले. शिंपिणीला कापडापासून लांब राहायला सांगणारा तो पहिलाच माणूस. मग एक दिवस ट्रायलला आलेली बाई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमचे डोळे पिवळे दिसतात हो." मी म्हटलं, पडद्याचा रंग पडलाय. पडदा निळा आहे.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. मला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून पोटाचे फोटो काढले. यकृतातून पित्त खाली आणणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या माझ्या जागोजागी आवळल्यात. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला तेव्हा मला ते लगेच कळलं. दोऱ्याला ताण जास्त झाला की टीप चुण्या घेते ना, तसंच दिसत होतं. का आवळल्यात ते मात्र त्यांनाही सांगता येत नाही. कदाचित एखादा खडा अडकून गेला असेल, त्याचा व्रण. कदाचित तो दुसरा, लांबलचक आजार, जो नळ्या हळूहळू बंद करत नेतो आणि ज्यावर धड औषध नाही. कदाचित वर्षभराने कळेल. मी त्यांना 'कदाचितबुवा' नाव ठेवलंय. माणूस वाईट नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, एक काहीतरी नक्की सांगा." तर म्हणाले, "नक्की एवढंच, की थंडी वाजून ताप आला तर एक रात्रही घरी काढायची नाही. थेट इथे यायचं." असा ताप मला गेल्या पावसाळ्यात आला होता. मी गोळी घेऊन, दोन गोधड्या पांघरून पडले होते. ते त्यांना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग विचारलं, "घरात कुणाला असलं काही? आई, वडील, भाऊ, बहीण? सख्ख्या नात्यात असेल तर माझा विचार बराच बदलेल."

मी म्हटलं, एक बहीण आहे, विचारून सांगते.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला. आठवतंय? तू म्हणालीस, "छे! आपल्या घराण्यात कुणाला धड शिंकसुद्धा येत नाही. डॉक्टर विचारायचं म्हणून विचारतात." आणि मग, "काळजी घे हं, बाई." तू मला 'बाई' कधी म्हणत नाहीस. तेव्हाच जरा टोचलं होतं. पण मी कदाचितबुवांना सांगून आले, बहिणीला काही नाही.

आता तुझ्या गाऊनबद्दल.

किती वर्षं तू मला कापड पाठवतेस आणि तीच सूचना देतेस. मऊ सुती, शिवणी बाहेरच्या बाजूला, आतून काही लागता कामा नये. मी चिडवायची, "जग सुलटं घालतं, आमची महाराणी उलटं." तू म्हणायचीस, "माझी कातडी नाजूक आहे, तुझ्यासारखी गेंड्याची नाही." मी त्या शिवणी दडपून वरून त्याच रंगाची पट्टी लावायची. इतकी सफाई यायची की एका गिऱ्हाइकाने फॅशन समजून तसाच मागितला. ते काम मी मनापासून करायची. आपल्यात जे काही बिनसलं होतं, त्याच्यानंतरसुद्धा. तुझं कापड येत राहिलं आणि मी शिवत राहिले. बोलणं कमी झालं होतं, तेवढाच धागा होता.

परवा खाज फार वाढली. अंगावरची प्रत्येक शिवण करवतीसारखी लागायला लागली. शेवटी माझा गाऊन काढला, उलटा केला आणि घातला. जरा बरं वाटलं. तशीच कामाला बसले. मशीनवर तुझा नवा गाऊन होता. तुझ्या शिवणी बाहेर, माझ्या शिवणी बाहेर. पाय पायट्यावर तसाच राहिला.

तरी मी मनाला समजावलं, की उगाच संशय नको. मग शनिवारी तुझी थोरली तिच्या नवऱ्याची पँट लांब करायला घेऊन आली.

"आईचा गाऊन झाला का गं मावशी?"

"होतोय. तिची खाज काय म्हणते?" मी मान वर न करता विचारलं.

"आता बरीय. ती पाण्यातून प्यायची पावडर लागू पडली ना..." आणि तिने तोंडावर हात ठेवला. "मावशी! तुला कुणी सांगितलं?"

"तूच. आत्ता."

"अगं आई गं! ती मला फाडून खाईल."

"फाडू दे. शिवायला मी आहे."

तिच्यावर रागावू नकोस. पोर स्टुलावर बसून रडली आणि मग सगळं बोलली. त्याच नळ्या, तसेच फोटो. फक्त तुझ्या डॉक्टरांनी कदाचित म्हटलं नाही, आजाराचं नाव सांगितलं. मुलींची लग्नं व्हायची होती, घराण्यात रोग आहे असं कुणाला कळू नये, हे मला समजतं. लेकीची आई मीही आहे. पण लग्नं होऊन गेली, ताई. धाकटीला मूल झालं. त्यानंतर कुणापासून लपवत होतीस? भावजींना माहीत, मुलींना माहीत, जावयांनासुद्धा माहीत. माहीत नाही ती एकटी मी, जिच्या अंगात तुझंच रक्त आहे.

थोरली म्हणाली, "आई म्हणायची, मावशीच्या पोटात काही राहत नाही." माझ्या? लग्नाआधी तू भावजींबरोबर फिरायला जायचीस तेव्हा मागच्या दाराशी पहाऱ्याला कोण असायचं? ते आजवर कुणाला कळलंय?

हे सगळं मी गिळलं असतं. दोन वर्षांची मलमं, तो पावसाळ्यातला ताप, तुझं 'छे'सुद्धा. आजार आधी कळला असता तरी बरा झाला नसता, हे मी पुस्तकात वाचलंय. पण जाता जाता पोर सहज बोलून गेली, "काका गेले तेव्हाही आई दवाखान्यातच होती ना. फार ताप होता. नळीत नळी घातली होती."

ताई, हे गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या डाव्या बाजूला कुणाला बसू दिलं नाही. जाऊबाई बसायला आल्या तर म्हटलं, इथे ताई येणार आहे. यांना बाहेर नेईपर्यंत ती जागा मी धरून ठेवली. मग भावजी एकटेच आले. खाली बघत म्हणाले, "तिचे गुडघे धरलेत, जिना उतरवेना."

गुडघे! माझा नवरा गेला आणि तुझे गुडघे आड आले, हे मी इतकी वर्षं उराशी धरून होते. मनातून तुला उतरवून टाकलं होतं. लोकांसमोर तुझी बाजू घेतली आणि आतून तुला शिव्या दिल्या. तू मरणाच्या दारात होतीस आणि मी तुला निर्दय समजत होते, आणि तू मला तसं समजू दिलंस. बहीण निर्दय आहे हे चाललं, आजारी आहे हे चाललं नाही. तुझ्या आजारापेक्षा मला याचा जास्त त्रास होतोय. माझ्या दुःखात मला एकटीला बसवलंस आणि तुझ्या दुःखात मला येऊ दिलं नाहीस. दोन्ही वेळा दार तूच लावून घेतलंस.

रडून झालंय माझं. आता कामाचं सांगते.

कदाचितबुवांना मी अजून काही सांगितलेलं नाही. गोष्ट तुझी आहे, तर तूच सांगावीस. येत्या वीस तारखेला सकाळी त्यांच्याकडे माझा नंबर आहे. तुझ्या फोटोंशेजारी माझे ठेवून बघितले तर कदाचित त्यांना नक्की बोलता येईल. नाही बोलता आलं तर यकृतात सुई घालून तुकडा काढू म्हणतात. मला सुईची भीती नाही, जन्म सुईवर काढलाय. पण तुझ्या खोट्यापायी टोचून घेणार नाही. तू आली नाहीस तर मी तुझ्या नावानिशी सांगेन. चोरून नाही, म्हणून आधी कळवतेय.

भावजींच्या हाती फोटो पाठवू नकोस. एकदा त्यांना तुझ्या वतीने पाठवलंस, तेवढं पुरे. गाऊनही थोरलीबरोबर दिलेला नाही. इथेच घडी करून ठेवलाय.

तुला माफ केलं का, ते विचारू नकोस. मला माहीत नाही.

दवाखान्यात भिंतीला लागून लाकडी बाक आहे. मी लवकर जाऊन बसेन आणि डाव्या बाजूला माझी पिशवी ठेवेन. तू दिसलीस की पिशवी उचलून मांडीवर घेईन.

जागा धरून बसलेली,
तुझी धाकटी