धुतलेलं बियाणं

कोरेगाव, ऑक्टोबर १९७४

चि. सौ. लीलास,

घेवडा करपला तवा तुझा नवरा वरडला, ‘रोग बियाण्यातनं आलाय, तू औषध चोळलंच न्हाईस.’ अन् तुला माझ्या भावाच्या, तुझ्या बापाच्या घरी धाडलं.

पोरी, तू चोळलं हुतंस. पेरणीआधी बियाणं देवापुढं ठेवायचं, लक्ष्मीला औषधाचं इख कसं दाखवू, म्हणून मीच ते धुऊन वाळवलं. तू रडत सांगत हुतीस, अन् मी तोंड फिरवून भाकरी थापत बसले.

भाऊ इचारतो, ‘आक्का, माझ्या लेकीचं काय चुकलं?’

ह्ये पत्र टपालात टाकायला तुझा नवराच नेणार, अन् वाचणार. म्हणून देव्हाऱ्यात, देवाच्या पाठीमागं दडवून ठेवते.

तुझी आत्या न् सासू,
चंद्राबाई