आत्याबाईंचा रविवार

आत्याबाई, तुमच्या नातसुनेला बढती मिळाली आहे आणि बदली नांदेडला झाली आहे. पेढे वाटून झाल्यावर तिनं चहाचा कप माझ्या हातात देत हळूच विचारलं, "आई, तुम्ही याल ना सोबत? छकुलीला तुमच्याशिवाय कोण आहे?" मुलाची नोकरी लातूरची. म्हणजे दोघे बापलेक इथे राहणार आणि आम्ही दोघी नातीला घेऊन तिकडे. "यायचंच की, त्यात काय विचारायचं," असं मी बोलून बसले. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. सासू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर सून तिला पत्र लिहायला बसली, हे ऐकून तुम्ही कपाळावर हात मारला असता.

लातूर नवा जिल्हा झाला आणि कलेक्टर कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा मुलगा पाळण्यात होता. त्याला सांभाळायला तुमच्या लेकानं तुम्हाला देवणीकडच्या गावाहून आणलं. गावी मागे राहिलं धाकट्या दिरांचं घर, दारातली गाय, शेजारणी. कचेरी इतकी नवी की टेबलं कमी आणि माणसं जास्त. मी खिडकीच्या कट्ट्यावर फायली मांडून काम करायचे. घरी यावं तर भाकरी तयार, पोर न्हाऊन झोपलेलं. कचेरीतल्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मलाही तसंच वाटायचं.

आणि एके दिवशी जेवता जेवता तुम्ही म्हणता, "मला रविवार पायजे." आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. तुम्ही निवांत भाकरी मोडताय. "दुष्काळात रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडायच्या अन् म्या लिंबाखाली त्यांची लेकरं सांभाळायची. मला बी हजेरी व्हती. बाजाराच्या दिशी सुट्टी व्हती. हितं न्हाई का?" तुम्ही कंटाळलात, आता गावी जाणार, माझी नोकरी सुटली, एवढंच मला कळलं. मी म्हटलं, राजीनामा देते. तेव्हा तुम्ही जे कडाडलात! "म्या रविवार मागितला अन् तू नोकरी सोडून राहिलीस व्हय? नवरा काय पाव्हणा हाय का घरात?" तुमचे चिरंजीव, शाळेत पोरांना थरथर कापायला लावणारे मास्तर, पुटपुटले, "माय, लोक काय म्हणतील?" "लोकायला जेवाया बोलावलंय का?" असं म्हणून तुम्ही ताट घेऊन उठलात.

पहिल्या रविवारी तुम्ही सकाळच्या एसटीनं गावी गेलात. मास्तरांनी बाळाची दुपटी धुतली ती दार लावून, आणि वाळत घातली ती आतल्या दोरीवर. खरं सांगते, मलाच बघवेना. मी ती ओढून घ्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे. मायला कळलं तर ती परत यायची नाही." हळूहळू दुपटी अंगणात आली, वरण करपायचं थांबलं. आज आमचा मुलगा बायकोचा डबा भरतो त्याचं कुणाला काही वाटत नाही. लोक म्हणतात जमाना बदलला, जसा काही तो आपोआप बदलतो. संध्याकाळी तुम्ही परतायचात तेव्हा लुगड्याला गायीचा वास असायचा आणि आठवडाभर बोलला नसाल तेवढं तासाभरात बोलायचात. मग सोमवार उजाडला की पुन्हा गप्प.

तुम्ही माझ्यासाठी आलात, असं मी आजवर सगळ्यांना कौतुकानं सांगत आले. तुम्हाला यायचं होतं का, हे मात्र तुमच्या लेकानंही विचारलं नाही आणि मीही नाही. सूनबाईनं निदान विचारलं. गुणी आहे पोर. निवृत्तीनंतर मी पेटी शिकायला लागले आहे, बोटं आत्ता कुठे वळताहेत. दुपारी घर तासभर माझं एकटीचं असतं. हे तिला सांगितलं तर ती बढती नाकारील, आणि ते मला मुळीच खपणार नाही. म्हणून हा कागद सगळे घरी यायच्या आत फाडून टाकीन. मी जाणार आहे, आत्याबाई. पण मला जायचं नाही.