अपील मागे घेऊ नये

मी, ऑब्री ट्रेगिअर, राहणार कुरी कुरी, कोळसा-खाणीतला निवृत्त कामगार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, आणि वाद त्यांचाच आहे.

१. राहते घर, मागची शेड व बँकेतील शिल्लक माझी पत्नी मेव्हिस हिला मिळावी. अंगणातले लिंबाचे झाड माझा भाऊ तोडा म्हणेल. त्याचे ऐकू नये.

२. माझा कॉर्नेट गावच्या बँडला द्यावा. त्यात फुंकून सूर धरता येईना, तेव्हाच मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलो होतो.

३. खाणीच्या आजार-निधीने माझा भत्ता नाकारला. त्यांच्या डॉक्टरने लिहिले की हा कोळशाच्या धुळीचा नव्हे, सिगारेटचा खोकला. मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. मेव्हिसच्या वडिलांनी त्याच अटीवर मुलगी दिली होती. मी अपील केले. सुनावणीत माझा खाणीतला जोडीदार क्लेम हॅरिगन, जो अर्धे आयुष्य माझ्या शेजारी काळे थुंकला, "धूळ फारशी नसायची," एवढे सांगून खाली बसला. त्याचा मुलगा त्याच खाणीत आहे, हे मला ठाऊक होते. तरी मी त्याच्याशी बोलणे टाकले. अपील फेटाळले गेले. आता वरच्या कोर्टात दुसरे केले आहे.

४. मग निधीचा माणूस घरी आला. अपील मागे घ्या, काहीतरी देऊ, म्हणाला. मेव्हिसने त्याला उभ्या उभ्या वाटेला लावले आणि मला म्हणाली, "तू फक्त श्वास घे. भांडायचं मी बघते."

म्हणून हे अपीलही तिलाच देतो. निकालाआधी मी गेलो, तर माझी फुप्फुसे काढून आमच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावीत व अहवाल कोर्टापुढे ठेवावा. पाद्रीबाबांनी नाक मुरडले तरी चालेल. पुरायला उरलेला मी पुरेसा आहे.

५. क्लेमला काहीही ठेवलेले नाही. परवा तो टोपी हातात धरून दारात उभा राहिला, आत येईना.

"ऑब्री, या वेळी होतं तसंच सांगीन."

"आणि पोराची नोकरी?"

"पोरगंही खोकायला लागलंय."

मी त्याला खुर्ची दिली. वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये. म्हणून त्याला काही नाही.

सही: ऑब्री ट्रेगिअर

आम्हा दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्याने सही केली:
हेलेना पापास, वकील
क्लेम हॅरिगन, खाणकामगार

कुरी कुरी, न्यू साउथ वेल्स
ता. ९ मार्च १९८४