माशीच्या मडक्याचा काठ

चैत्र व. ४, संकष्टी
यांचा उजवा हात लकव्यानंतर उठतच नाही. कुंभाराच्या चाकावर झाकलेलं पोतं तसंच. अक्षय तृतीयेला सासऱ्यांच्या नावानं घागर मांडायची, ती घरचीच लागते. आजवर विकतची आणली नाही. आणि बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हेही घरचंच. मग करू काय, गणराया.

व. ५
लेक वैशू कॉलेजातून सुट्टीवर आली. मोबाइलला भिंग लावून देवघराच्या चौकटीवरचं कुंभारमाशीचं घरटं टिपलं. बोराएवढं, पण फोटोत घागरीएवढं. गळा, बाहेर वळलेला काठ, जसा काही यांच्या हातचा. तोही बिनचाकाचा!
म्हटलं, असं हातानं होईल? वैशू म्हणे, "माशीले जमते, तुले कायले नाही जमणार?"

व. ७
मातीच्या वळीवर वळी लावून घागर रचली. दुपारी घागरीचं पोट बसलं. हे खाटेवरून, "माशीले गुरू केलंस, आता डसशील बी." स्वतःच हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदा. मला मात्र हसू आलं नाही.

व. ८
दुसरीही बसली. माती पुन्हा भिजवली. उपासाचं कारण सांगून जेवले नाही.

व. ९
वैशूनं फोटो आणखी मोठा केला. प्रत्येक वळीचा रंग निराळा. माशी एक गोळी लावून उडून जाते, तेवढ्यात ती गोळी सुकून आवळते. माझीच घाई. आज दोन वळ्या लावून उठले, जप केला, मग तिसरी.

व. १२
उभी राहिली! काठ फोटोतल्यासारखा. यांनी डावा हात आतून फिरवला. "गळ्यापाशी जाड हाये. भट्टीत तडकन." पण हात लवकर काढला नाही. विचारलं, भाजायला आवा पेटवाल ना? यांनी भिंतीकडे तोंड केलं.

वै. शु. १
माशीनं घरट्याचं तोंड लिंपलं नि गेली. आता काठ फोटोतच पाहायचा. शेजारची कमलाबाई, "बाईच्या हातची घागर पितरायले चालते का वो?" आवाही पुरुषानंच पेटवायचा.

वै. शु. २
उद्या अक्षय तीज. घागर गोवऱ्यांत ठेवली, वर तणीस. आता आवा पेटला नाही तर घागर सकाळपर्यंत निवणार नाही. वैशू, "मीच पेटवतो." तिला थांबवलं. काडीपेटी यांच्या डाव्या हातापाशी ठेवून देवाजवळ बसले. दिवेलागण झाली. दोनदा वळून पाहिलं. काडीपेटी तिथंच. हे जागेच आहेत. वैशू अंगणात उभी. तिला हो म्हणू, की अजून थोडं यांच्यासाठी थांबू?