कालवण मागताना

स्वरूपा,

अशी कल्पना कर, समुद्रकाठचं छोटं गाव आहे आणि खानावळीत गळ्यात माळ घातलेला बारामतीचा पोरगा बसलाय. तो म्हणतो, "मावशी, कालवण वाढा." आपल्याकडं वांग्याचंही कालवणच असतं, तिकडं कालवण म्हणजे माशाचं.

तुमची सहल त्याच गावी चाललीय, तिथं तू बंदरावर नको, देवळामागच्या खानावळीत जेव आणि आमटी माग. काल दोनदा विचारलंस, "आबा, पापलेट कसं लागतं वो?" तेव्हापासून मला तुझी शंका येतेय. मी कळस गावाला निघालोय, म्हणून लिहून ठेवलं.

तो पोरगा म्हणजे तुझा बाप. वाटीत काटा दिसल्यावर शेजारी बसलेला मी बघत नाही ना, याची त्यानं खात्री केली, माळ शर्टाच्या आत सरकवली आणि वाटी पुढं केली, "मावशी, अजून वाढा."