वाकळ कुठं लावायची

५ जाने. ७५, मानवत
महिला मंडळाच्या प्रदर्शनाला सासूबाईंची वाकळ द्यायचं ठरलं. आधी नको म्हणाल्या. मग स्वतःच पेटीतून काढून दिली. मधला पांढरा चौकोन त्यांनी छप्पन साली धम्मदीक्षेला नेसलेल्या साडीचा, भोवती घरातली जुनी लुगडी. डोळ्यांनी दिसत होतं तेव्हा शिवलेली शेवटची. डॉक्टर म्हणतात, आता उशीर झाला.

८ जाने.
शाळा सुटल्यावर मंडळात गेले. टेबलं क्रोशाच्या रुमालांना दिलेली, भिंत भरतकामाच्या तसबिरींना. अध्यक्षबाई म्हणाल्या, "छान आहे. दाराशी अंथरू, येणाऱ्यांना बसायला होईल."
"भिंतीवर लावा ना."
"अहो, वाकळ कुणी भिंतीवर लावतं का?"
घडी घालून परत आणली. दुसऱ्या कुणाच्या घरची असती तर? कदाचित तेच म्हणाल्या असत्या. कळायला मार्ग नाही.

९ जाने.
सासूबाईंच्या हाताला घडी लागलीच. "परत का आणलीस?"
सांगावं लागलं.
"मग अंथरू दे की. वाकळ आनखी कशाला असती?"
"लोक पाय देतील, आत्याबाई."
त्यांनी घडी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "पांढऱ्यावर नको."

११ जाने.
घरी दोरीवर टाकून पाहिली. पांढरं कापड पार विरलंय, ओझ्यानं धागे वेगळे होतात. घडी करून स्टुलावर ठेवावी तर पांढरं दिसतच नाही. शाळेत माझ्यासोबत शिकवणारी, मंडळातली कुसुम म्हणाली, मागून मांजरपाट शिव, ओझं त्याच्यावर येईल. तेच केलं. सासूबाई शेजारी बसून, "टाके बारीक घालायलीस ना?" त्यांच्यासारखे कुठले यायला.

१३ जाने.
पुन्हा जाऊन मागितली, तेव्हा अध्यक्षबाईंनी भिंत दिली. आतल्या खोलीतली. काठीला बांधून लावली. खाटेवर कधी इतकी मोठी दिसली नव्हती.

१४ जाने.
प्रदर्शनातच संक्रांतीचं हळदीकुंकू. सासूबाई आल्या नाहीत. बायका पुष्कळ, आतल्या खोलीत मोजक्याच. सोनपेठहून लेकीकडं आलेली एक म्हातारी पांढऱ्यासमोर उभी राहिली. "कुनाची हाय?" मी सांगितलं. मान हलवून गेली. अध्यक्षबाई, "लांबून बरी दिसते."

१५ जाने.
सकाळी गेले तर पांढरा चौकोन वरून फाटलेला. रात्रीतून मांजरपाटाचे टाके उसवले, सगळं ओझं त्याच्यावर. कुणाचा हातसुद्धा लागला नसणार. अंथरली असती तर फाटली नसती. हे कुणी म्हणालं नाही, मीच म्हणतेय.

१६ जाने.
घरी आणली. सासूबाईंनी बोटं फिरवली, फाटलेलं सापडलं. बोटं तिथंच थांबली.
"लोकांनी बघितली का?"
"बघितली."
"मग झालं."
जेवल्या नाहीत.

१८ जाने.
कुसुम निरोप घेऊन आली. परभणीच्या प्रदर्शनाला अध्यक्षबाई वाकळ मागतात. "ठिगळ लावून द्या, यावेळी समोरच्या भिंतीवर लावू." मला आनंद व्हायला हवा होता. सासूबाईंनी ऐकलं.

१९ जाने.
सामान आज जायचं. जुळेल असं पांढरं कापड काढून ठेवलं होतं. विचारलं, "आत्याबाई, ठिगळ लावू का? द्यायची का?" दुपारी पाहते तर वाकळ खाटेवर अंथरून तिच्यावर निजलेल्या, तोंड भिंतीकडं. जाग्या होत्या. तेवढ्यात मंडळाचा माणूस दारात. त्याला म्हटलं, थोडं थांबा. तो ओट्यावर बसलाय. मी सुईत दोरा ओवून खाटेशी बसलेय, त्या उठायची वाट बघत.