खोकला ऐकणारी पेटी

३ फेब्रुवारी

खोकला मोजायची पेटी! एवढंच बघायचं राहिलं होतं.

आरोग्य केंद्राची बाई आज कारखान्यात ती टांगून गेली. साबणाच्या वडीएवढी, पांढरी. म्हणे दिवसभर ऐकत राहणार, कोणी खोकलं की टिपणार, आणि त्या आवाजावरून कॉम्प्युटर सांगणार, यात टीबीचा संशय आहे की नाही. नवीन संशोधन चाललंय म्हणे. बोलणं टिपत नाही असंही म्हणाली. मी म्हटलं, "बरं झालं, नाहीतर माझ्यामागे माझे कामगार मला काय म्हणतात ते सरकारदरबारी गेलं असतं!" हसली. भली पोर आहे.

रिकामा प्लग एकच, मिस्त्रीच्या बाकावर. तिथेच टांगली. मिस्त्री नेहमीसारखा खोकत म्हणाला, "शेठ, आता खोकायचं झालं तरी तुझी परवानगी का?" आम्ही दोघं एकाच मालकाच्या दुकानात झाडू मारत मोठे झालो. मी विजेच्या मोटारी दुरुस्तीचा कारखाना काढला, तो पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. मोटारीत त्याच्यासारखी तारेची कॉइल भरणारा हात दुसरा नाही. 'शेठ' म्हणतो तो टोमणा, आणि लगेच पुढे 'तू'.

आवाजावरून दुखणं ओळखणं मला नवीन नाही. मोटारीला पेचकस टेकवून दांडा कानाशी धरला की बेअरिंग गेलंय की नाही ते कळतं. याच कानांवर घर उभं राहिलं. फरक एवढाच की मोटारीला शेजारपाजार नसतो.

७ फेब्रुवारी

पेटीची मजा संपली. पोरं मुद्दाम तिच्यासमोर जाऊन खोकायची, तीही कंटाळली. टर्नर म्हणतो, "पेटीला खोकला झाला तर ती कोणाला सांगणार?" लेथवर हात कमी, तोंड जास्त.

१२ फेब्रुवारी

डोकं भणाणलंय. जेवलो नाही.

आरोग्य केंद्रातून फोन आला. कारखान्यात मोटारी घरघरत असतात म्हणून आमच्याकडे प्रत्येक फोन स्पीकरवर, तोही पूर्ण मोठा. वर्षानुवर्षांची खोड. चिरंजीवांनी उचलला आणि नेहमीसारखा बाकावर ठेवला. बाईचा आवाज साऱ्या शेडमध्ये घुमला — "तुमच्याकडच्या पेटीत संशयित खोकला आलाय, टीबीची तपासणी करायला हवी."

लेथ थांबलं. सगळ्यांचे कान टवकारलेले. आणि आमचे शहाणे चिरंजीव काय म्हणाले? "कोण, मिस्त्रीकाका का?"

बाई पुढे काहीतरी सांगत होती. कोणी ऐकलं नाही. ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. सगळ्या माना मिस्त्रीकडे. तो कॉइल भरत होता. मान वर केली नाही, पण तार तुटली. त्याच्या हातून तार तुटताना मी कधी पाहिली नव्हती.

१३ फेब्रुवारी

आज सकाळी मिस्त्रीचं स्टूल अंगणात! कोणी ठेवलं म्हणून विचारलं. टर्नर म्हणतो, "त्यांना जरा मोकळी हवा बरी, शेठ." हवेची एवढी काळजी कधीपासून? याच माणसाच्या बायकोच्या बाळंतपणात मिस्त्रीनं रात्रंदिवस धावपळ केली होती. दुपारी जेवायला बसले तर डबे घेऊन सगळे एका टोकाला, हा दुसऱ्या टोकाला. मी माझा डबा उचलून त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "शेठ, दया करू नकोस, भाजी घशात अडकते."

मग हत्यारं फडक्यात बांधली आणि निघून गेला.

मी सगळ्यांना उभं करून झापलं. खाल्ल्या मिठाला जागा म्हटलं. खाली बघत राहिले. खाली बघायला सगळ्यांनाच येतं!

१४ फेब्रुवारी

मिस्त्री आला नाही.

१६ फेब्रुवारी

घरी गेलो त्याच्या. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. बातमी गल्लीत माझ्याआधी पोचलेली. नळावर बायका त्यांच्यासाठी बाजूला होतात म्हणे, पण मान द्यायला नव्हे.

मी म्हटलं, "चल, तपासून घे, एका फटक्यात तोंडं बंद होतील." तो म्हणाला, "तपासायला गेलो की लोक म्हणणार, बघा, गेला. नाही निघालं तरी म्हणणार, लपवलं. तू हुशार, तूच सांग यातून वाट."  

"तुझा खोकला कॉइलवरच्या वार्निशच्या धुराचा आहे," मी म्हटलं, "माझा कान खोटं सांगत नाही." तो हसला. "मग तुझा कान लाव ना भिंतीवर, ती पेटी काढ."

दुसऱ्याच्या कारखान्यात जायचा विचार आहे त्याचा. या वयात! दुसरीकडे याला उभं कोण करणार, ही बातमी पायात घुटमळत असताना?

१८ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रावर धडकलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर टेबल बडवलं. म्हटलं, "तुमचं संशोधन होतं, माणूस उठतो आमच्यातून! कोणाच्या जिवावर हे प्रयोग?"

बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "ओरडून झालं की सांगा." झालं. मग म्हणाल्या, "पेटीला माणूस कळत नाही. ती फक्त म्हणते, या जागेत असा खोकला आहे. ती त्या बाकाजवळ आहे, म्हणून तिला जवळचा आवाज जास्त येणार. आम्ही नाव घेतलंच नाही. सगळ्यांना तपासू म्हणून सांगितलं होतं. तुमच्याकडून उत्तर आलं, सगळ्यांची गरज नाही, एकच माणूस आहे, त्याला पाठवतो."

कोणाकडून आलं ते विचारायची गरज नव्हती. माझे कान चांगले आहेत, पण त्या दिवशी स्पीकरवरचं पुढचं वाक्य मीही ऐकलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

चिरंजीवांची हजेरी घेतली. म्हणतो, "बाबा, एक दिवस मोटारी बंद ठेवल्या असत्या तर नुकसान कोणाचं? मी धंद्याचाच विचार केला." धंद्याचा! ज्यानं धंदा उभा केला त्याच्या पाठीवरून धंद्याचा विचार! ही मध्ये पडली — "तुमच्याकडूनच शिकलाय हो तो."  ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो.

ठरवलं. तपासणीची गाडी कारखान्यात बोलवायची. सगळे. झाडूवाल्यापासून मालकापर्यंत. एक जरी सुटला तर मिस्त्रीच्या कपाळावरचा शिक्का तसाच राहील.

२२ फेब्रुवारी

गाडी आली. छातीचा एक्स-रे गाडीतच काढतात, आणि तिथल्या तिथे कॉम्प्युटर बघतो.

मिस्त्रीला मीच घेऊन आलो. फाटकाशी अडला. "आधी तू." म्हटलं, "अरे, पहिला मीच!" शर्ट काढून गाडीत चढलो. पोरांना म्हटलं, "बघून घ्या, मालकाच्या छातीत काळीज आहे की तिजोरी, आज कळणार!" हसले सगळे. बऱ्याच दिवसांनी हसले. मिस्त्रीही.

टर्नर पाय ओढत होता. "मला कुठे खोकला आहे? ज्याला आहे त्याला तपासा ना." असा भडकलो! म्हटलं, "मलाही नाही खोकला. चढलो ना मी? चढ!" चढला.

काही जणांची थुंकीही घेतली. माझीही. दमदार माणसाची नमुन्याला चांगली असेल! अहवाल नंतर कळवतील.

२३ फेब्रुवारी

स्टूल आत आणलं. मीच.

२६ फेब्रुवारी

मिस्त्री स्वच्छ. वार्निशचाच खोकला.

टीबी मला आहे. उजव्या फुप्फुसात डाग, थुंकीत जंतू. म्हटलं, "पण बाई, मी एकदाही खोकलो नाही हो!" म्हणाल्या, "बऱ्याच जणांना खोकला नसतोच. ते पेटीलाही ऐकू येत नाहीत." गोळ्या आजपासून. डॉक्टर सांगतील तोवर मला कारखाना बंद. घरच्यांचीही तपासणी.

मिस्त्री बाहेर बाकावर वाट बघत बसला होता. त्याला सांगितलं.  मग मी म्हटलं, "उद्या फाटकाबाहेर उभा राहून पोरांना मीच सांगतो."

"तू नको बोलूस," तो म्हणाला. "मी सांगतो. मला आता सवय आहे."